मामाजींच्या गेटवरचे दोन पाम

कूलरला नवी खस लागली की आमच्या घरी उन्हाळा लागतो. तसा तो आधीच लागलेला असतो. शाळा सकाळची झालेली असते, रस्त्यावर सगळ्यांनी तोंडाला दुपट्टे गुंडाळलेले असतात. पण आमच्या लेखी तो खरा नसतो. मग एके दुपारी पंप सुरू होतो, कोरडी खस चरचर पाणी पिते, हवेचा पहिला झोत धुळीचा येतो, दुसरा गवताचा, आणि मग तो वास घरभर पसरतो. सासूबाई डोळे मिटून ‘हाऽऽ’ करतात आणि मामाजी उठून खिडकीतून गेटकडे बघतात. मीही बघते. दोन पाम जागेवर आहेत ना, एवढंच बघायचं असतं. झाडं काही पळून जाणार नसतात. पण एका उन्हाळ्यात या कूलरच्या पाण्यानं आम्ही त्यांचं जे केलं, ते एकदा आठवल्याशिवाय आमच्या घरात गारवा येत नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे. हिंगण्याच्या एका कारखान्यात ते बॉयलरवर होते. कारखान्याला एक मोठं गेट होतं आणि गेटच्या दोन बाजूंना दोन रॉयल पाम. राखाडी, गुळगुळीत, सरळसोट खोडं आणि शेंड्याला हिरवा झुबका. त्या दोघांच्या मधून साहेबांच्या गाड्या आत जायच्या. कामगारांचं दार बाजूला होतं, सायकल थोडी तिरकी करून काढावी लागेल एवढं. मामाजी तीस वर्षं त्या बाजूच्या दारानं गेले आणि आले. मोठ्या गेटनं गेले असते तर कुणी अडवलं असतं का, असं मी एकदा विचारलं होतं.

“कोन अडवते?” ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “पन जाऊन तर पाह्यलंच नाई ना वं बेटा.”

निवृत्तीनंतर लेआऊटमधल्या प्लॉटवर घर झालं. घराला दोन पाखांचं लोखंडी गेट बसलं आणि त्याच्या शेजारी, माणसांना यायला-जायला, एक लहान दार. वास्तूच्या दिवशी सगळे पाहुणे मोठ्या गेटनं आले आणि घरधनी मात्र लहान दारानं. सासूबाईंनी तिथेच हटकलं.

“अजी, तुमच्याच घराचं गेट आहे ना ते?”

“पाम लावतो इथं दोन. दोन्ही माह्या डोक्यावरून गेले, का मंग मी मोठ्या गेटनं येईन.”

“डोक्यावरून म्हंजे कसं? पान मोजाचं का खोड?”

मामाजींनी थोडा विचार केला. “पानासकट,” ते म्हणाले, आणि सगळे हसले. आम्हाला ती गंमत वाटली. पण त्या दिवसानंतर मामाजी मोठ्या गेटनं कधी आत आले नाहीत. माझ्या नवऱ्याची गाडी आत घ्यायची असली तर ते बाहेरच उतरायचे, गेटची दोन्ही पाखं उघडायचे, गाडी आत जाऊ द्यायचे, पाखं लावायचे आणि लहान दारानं यायचे. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा किती कामाचा आहे.

पहिले पाम आणले ते मी. मी शाळेत भूगोल शिकवते. आठवीच्या मुलांना फळ्यावर हवामानाचे पट्टे रंगीत खडूनं काढून दाखवते. अशा बाईनं ऑगस्टच्या एका ओल्या दुपारी, नर्सरीत सगळ्यांत तजेलदार दिसणारे दोन अरेका पाम उचलावेत आणि पश्चिमेच्या भिंतीशी, गेटच्या दोन बाजूंना लावावेत, यावरून वर्गात शिकवलेलं घरी किती येतं ते कळावं. त्यात माझं माहेर भिवापूर. अंगणात मिरची पसरली की उन्हात तिचा रंग कसा खुलत जातो हे बघत मी मोठी झाले. त्यामुळे ऊन म्हणजे चांगलंच, अशी माझी एक आंधळी समजूत होती. एप्रिल उजाडेपर्यंत ती टिकली. मग अरेकाची पानं भाजल्या पापडासारखी झाली आणि एक पान घेऊन मी नर्सरीत गेले.

नर्सरीच्या मावशींनी पान हातात घेतलं, उलटं केलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी बाकावर उभी राहायचीच बाकी होते.

“हे सावलीतलं झाड आहे बाई. याले भिंतीशी उन्हात काहून उभं केलं? याचा काय गुन्हा?”

मामाजी माझ्याबरोबर होते. त्यांनी माझी बाजू घेतली नाही. उलट मावशींच्या समोरचं स्टूल ओढून बसले आणि पामांची चौकशी सुरू झाली. जागा किती, ऊन सकाळचं की दुपारचं, भिंतीचं तोंड कुठं, वरून विजेच्या तारा जातात का, असं मावशी विचारत होत्या आणि मामाजी मुलगी बघायला आलेल्या माणसासारखी उत्तरं देत होते. नारळाचं नाव त्यांनी काढलं तर मावशींनी हात झटकला. नारळ इथं जगते, पण मनापासून नाई, हवेत ओल लागते त्याले. आमच्याच गल्लीच्या टोकाला एक आहे. त्याला फळं धरतात, लिंबाएवढी होतात आणि गळतात. भेरली माड सुंदर, पण एकदा फुलून फळून झाला की आयुष्य संपवतो. पंखा पाम, म्हणजे हातपंख्यासारख्या पानांचा, तो आपल्या उन्हाला हसतो, असं त्या म्हणाल्या. शिंदी तर गावच्या नाल्यावरची, तिला विचारायचंच काम नाही.

“रॉयल द्या,” मामाजी म्हणाले.

“होते इथं. पन पहिले दोन-तीन उन्हाळे लेकरासारखं जपा लागते. पाण्याले लय हावरं आहे ते. पानी देनं होत असंन तरच न्या.”

यावर मामाजी अगदी मोठ्यानं हसले. “पान्याचं मले सांगता? जिंदगी गेली माही पान्यात!”

हे वाक्य आम्ही पुढे त्यांना फार ऐकवलं.

बिचाऱ्या अरेकांना मी मागच्या अंगणात नेलं, धुण्याच्या दगडाजवळ, जिथं दिवसभर घराची सावली असते. तिथं ते आजही मजेत आहेत. रॉयल पाम पावसाळा लागल्यावर लावले, मावशींनी सांगितलं तसे. कमरेएवढा खड्डा, शेणखत, थोडी वाळू. पावसाळा आणि हिवाळा दोघांनी धरून घेतलं. मामाजी रोज सकाळी फाटकापाशी उभे राहायचे, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे, आणि मग आत येऊन चहा मागायचे. मांडीला लागणारी पानं संक्रांतीपर्यंत कमरेला लागली. सासूबाई म्हणायच्या, यांच्या डोक्यापर्यंत जायला फार वेळ नाही लागणार, डोकंच बुटकं आहे.

आणि मग तो उन्हाळा आला. आमच्याकडे कूलरला बोअरचं पाणी लावलेलं आहे. पाणी उडत जातं तसा टाकीत बॉलकॉकमधून नवं पाणी येत राहतं, आणि आठवड्यातून दोनदा टाकी रिकामी करून धुवायची. ते पाणी नालीत जायचं. सासूबाईंच्या जिवाला ते लागायचं. एवढं गार, खसच्या वासाचं पाणी, आणि नालीत? त्यांनी टाकीला रबरी पाइप जोडायला लावला आणि पाइप गेटपर्यंत ओढून दोन्ही पामांच्या आळ्यात सोडला. ही युक्ती आमची एकट्यांची नव्हती. आमच्या अख्ख्या गल्लीत कूलरखालून पाइप निघून कुठल्या ना कुठल्या झाडाच्या बुडाशी जातो. मामाजींना तर ती इतकी आवडली, की जुन्या खसच्या जाळ्याही त्यांनी फेकू दिल्या नाहीत. त्या कापून पामांच्या बुडाशी गादीसारख्या अंथरल्या. मुळांना गारवा मिळेल म्हणून.

एप्रिलमध्ये पानांची टोकं तपकिरी झाली. ऊन लागलं, मामाजी म्हणाले, आणि पाणी वाढवलं. मेमध्ये तो तपकिरी रंग पानाच्या मध्यापर्यंत आला. आणखी पाणी वाढवलं. टाकी आता एक दिवसाआड रिकामी व्हायला लागली. दुपारी साऱ्या गल्लीत चिटपाखरू नसायचं, कूलरांची तेवढी घरघर चाललेली, आणि आमचे मामाजी डोक्याला ओला पंचा बांधून गेटपाशी पाइप धरून उभे. सासूबाई कैरीचं पन्हं घेऊन दारात यायच्या आणि आधी कुणाला पाजावं, यांना की झाडाला, असं विचारायच्या. ते हसायचे नाहीत. त्या दिवसांत ते हसणं विसरले होते, हे मला दिसत होतं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते आगीचे नऊ दिवस, लागला तेव्हा दोन्ही पामांची मिळून तीन पानं हिरवी उरली होती.

नवतप्याच्या दुसऱ्या दिवशी कूलरची एक जाळी सुटली म्हणून मामाजी ती बसवायला गेले. खसवर पांढरा थर बसला होता. दरवर्षी बसतो, सगळ्यांच्या कूलरला बसतो, आणि आपण तो झटकून टाकतो. मामाजींनी तो अंगठ्याच्या नखानं खरवडला. बोटांत चोळला. जिभेला लावला. मग ते जाळी तशीच सोडून, चप्पल न घालता, त्या तापलेल्या फरशीवरून गेटपर्यंत गेले. पामाच्या बुडाची खसची गादी त्यांनी उचलली. खाली मातीवर तोच थर होता, पांढरा, कडक, नखानं निघणारा.

“नंदा,” त्यांनी मला हाक मारली. आवाज अगदी लहान झाला होता. “बेटा, हे तर बॉयलरचं पानी आहे वं.”

मग त्यांनी तिथेच उकिडवं बसून मला समजावलं. बॉयलरमधून वाफ निघून जाते, पण पाण्यातले क्षार कुठे जात नाहीत. ते मागेच राहतात, आणि आतलं पाणी जड होत जातं. म्हणून प्रत्येक पाळीत थोडं पाणी खालून नालीत सोडून द्यायचं, नाहीतर नळ्यांवर पांढरा थर धरतो. ते सोडलेलं पाणी ज्या नालीतून जायचं, तिच्या काठावर तीस वर्षांत गवताची काडी उगवली नव्हती. कूलर म्हणजे तरी काय, पाणी उडवणारा लहानसा बॉयलरच.

“जे पानी मी तीस वर्षं नालीत सोडलं, तेच माह्या लेकरायले पाजलं,” ते म्हणाले. “रोज. हातानं.”

भूगोलाच्या पुस्तकात खाऱ्या पाण्याचं सरोवर कसं होतं ते मी दरवर्षी शिकवते. पाणी येतं, उडतं, क्षार राहतात. हे मी त्यांच्या आधी ओळखायला हवं होतं. मीही त्या पाइपवरून रोज पाय उचलून जात होते.

मामाजींनी आत येऊन कूलर बंद केला. म्हणजे प्रायश्चित्तच घेतलं. नवतप्यात, नागपुरात, कूलर बंद. दीड दिवस सासूबाईंनी सहन केलं.

“अजी, झाड भाजलं तं भाजलं. आमाले काहून भाजून राहिले तुमी?”

त्यांनी बटण दाबलं आणि पंख्यासमोर पदर पसरून बसल्या. मामाजी त्यावर पहिल्यांदा हसले, आणि तेव्हापासून कामाला लागले. पाइप नालीत परत गेला. दोन्ही आळ्यांतली वरची माती खरवडून काढली. सकाळी नळ येतो तेव्हाचं गोडं पाणी बादल्यांनी इतकं घातलं की क्षार मुळांच्या खाली निघून जावेत. मामाजींच्या भाषेत हा उलटा बॉयलर होता. माझ्या भावानं भिवापूरहून धानाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा पाठवला, तो बुडाशी अंथरला. दुपारच्या उन्हाला आड म्हणून पश्चिमेकडून हिरवी जाळी बांधली. नर्सरीच्या मावशी स्वतः येऊन बघून गेल्या. त्या म्हणाल्या, पामाले एकच जीव असते, शेंड्यातला मधला कोंब. बाजूला डोळे फुटत नाहीत त्याच्या. कोंब हिरवा असंन तं आहे, हातात आला तं गेला.

उजवीकडचा त्याच संध्याकाळी हातात आला. मामाजींनी नुसता धरला होता, ओढला नव्हता. ते बराच वेळ तो सुकलेला कोंब हातात घेऊन पायरीवर बसले. सासूबाई येऊन शेजारी बसल्या आणि त्या वेळी त्यांनी एकही शब्द तिरका काढला नाही.

डावीकडच्याला ते हात लावायला तयार नव्हते. पण लावल्याशिवाय कळणार कसं? मग बॉयलरवरचा माणूस जागा झाला. त्यांनी नातवाचं, म्हणजे माझ्या मुलाचं, बॉलपेन घेतलं आणि कोंबावर आणि शेजारच्या देठावर एका पातळीत आडवी रेघ मारली. कोंब जिवंत असेल तर वर सरकेल, आणि दोन रेघा एकमेकींना सोडतील. रोज पाळीच्या वेळेला, सकाळी सहा आणि दुपारी दोनला, मामाजी चष्मा लावून रीडिंग घ्यायला जायचे. आम्ही खिडकीतून त्यांचा चेहरा वाचायचो. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. रेघा जागच्या जागी. मला त्या काळात शेजारपाजारच्या कुणी ‘झाड कसं आहे’ विचारलं तरी राग यायचा. नवतप्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी मामाजी गेटपासून घरापर्यंत चालत नाही, जवळजवळ धावत आले. त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून आम्हाला दाखवली. मधे नखाएवढी फट होती.

“सरकला,” ते म्हणाले. “सरकला वं!”

सासूबाईंनी त्या दिवशी शिरा केला. त्यात नेहमीपेक्षा तूप जास्त होतं, आणि मामाजींनी त्यातला चमचाभर शिरा गेटपाशी नेऊ नये म्हणून सासूबाईंनाच पहारा द्यावा लागला.

त्यानंतरचा महिनाभर मामाजी गल्लीतल्या घराघरांत जाऊन कूलरचे पाइप उचलत फिरले. कुणाच्या कुंडीतली पांढरी खपली नखानं काढून त्यांच्या तळहातावर ठेवायचे आणि बॉयलरची सगळी कथा सुरुवातीपासून सांगायचे. लोकांनी चहा पाजला आणि पाइप काढले. दोन-तीन घरी नाही काढले, तिथं ते अजून जातात.

रिकाम्या जागेसाठी दुसरा रॉयल आणायचा म्हटलं तर मामाजी अडले. आता उजवीकडे मावशी देतील तो लावू, म्हणाले. मावशींनी पंखा पाम दिला. तो गाडीतून उतरवला तेव्हा त्याची रुंद, चुण्यांची पानं बघून मामाजींचा चेहरा थोडा उतरला.

“कंपनीत दोन्ही सारखे होते,” ते पुटपुटले.

“आपन दोघं सारखे आहो काय?” सासूबाई म्हणाल्या. “नांदलो ना?”

मामाजींनी झाड उचललं. खड्डा खोदलेलाच होता.

त्याला आता काही वर्षं झाली. डावीकडचा रॉयल कधीच मामाजींच्या डोक्यावरून गेला. त्याची पानं आता विजेच्या मीटरच्या पेटीवर सावली धरतात. पंखा पाम उन्हात खरंच हसतो, पण वाढायची त्याला घाई नाही. यंदा तो मामाजींच्या छातीच्या वर, खांद्याला टेकला. मामाजी सत्तरीच्या पुढे गेले. मधल्या काळात त्यांचे गुडघे दुखायला लागले, डोळ्यात मोतीबिंदू पिकला, आणि तरी गाडी आली की ते बाहेर उतरायचे, पाखं उघडायचे, लावायचे आणि लहान दारानं आत यायचे. मला हे बघवत नसे. आपण पंख्याला खत जास्त घालू, असं मी मावशींना विचारून आले होते. त्या म्हणाल्या, बाई, झाडाले घाई करू नका, जास्तीच्या लाडानं एक गेलं ना तुमचं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. वीत-दीड वीत राहिली होती, पण ती वीत भरायच्या आत काही झालं तर? हे मी घरात कुणाजवळ बोलले नाही.

गेल्या आठवड्यात मामाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी याच हिवाळ्यात गाडी शिकले, त्यामुळे आणायला मी गेले. बाहेर ऊन रणरणत होतं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला होता, वाकायचं नाही, धूळ लागू द्यायची नाही अशी तंबी दिली होती. मामाजी मागच्या सीटवर काळा चष्मा लावून, हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते. आरशात बघून मला हसू येत होतं आणि मी ते दाबत होते, कारण अजून मला हसत गाडी चालवता येत नाही.

गेटपाशी आल्यावर मी हॉर्न दिला. सासूबाईंनी येऊन दोन्ही पाखं उघडली. मामाजींचा हात सवयीनं दाराच्या मुठीवर गेला.

“थांब, मी उतरतो.”

“मामाजी, एकदा दोन्हीकडे बघा ना,” मी म्हटलं.

त्यांनी आधी डावीकडे मान वळवली. काचेतून रॉयलचं नुसतं खोड दिसत होतं, शेंडा बघायला त्यांना मान खाली घालून वर बघावं लागलं. मग उजवीकडे बघितलं. पंख्याची पानं खिडकीच्या वरच्या कडेला टेकली होती.

“पंखा कमी आहे अजून.”

“उभं राहिल्यावर कमी आहे,” मी म्हटलं. “साहेब लोक गेटमधून उभे जायचे का?”

त्यांनी पुन्हा उजवीकडे बघितलं. मग काळा चष्मा नाकावर थोडा खाली घेऊन, चांगल्या डोळ्यानं, आणखी एकदा. पान त्यांच्या डोक्याच्या चांगलं चार बोटं वर होतं. पानासकट मोजायचं, हे त्यांचंच ठरलेलं.

“अजी, येता का तिथंच बसता?” सासूबाई गेटपाशी पाखं धरून ओरडल्या. “झळ आत येऊन राहिली!”

मामाजींनी मुठीवरचा हात काढला. तो मांडीवर ठेवला. पाठ सीटला टेकवली.

“चाल,” ते म्हणाले. आणि मी क्लच सोडायच्या आत पुन्हा म्हणाले, “हळू घे बेटा. गेट लहान आहे आपलं. पटकन संपते.”

मी गाडी पहिल्या गिअरमध्येच ठेवली.